हातचा एक

बाकीच्या घरांत पाहुणे आले की लग्नाचा अल्बम बाहेर निघतो. आमच्या घरात संख्या निघायची.

संख्या एकच, आणि ठरलेली. पाहुण्याने चपला काढून खुर्चीला पाठ टेकली, 'गाड्या काय म्हणतायत?' हा डोंबिवलीतला कुशलप्रश्न विचारून झाला आणि आतून स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला, की अण्णा कुठल्यातरी जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि शिसपेन्सिल पाहुण्यापुढे सरकवत आणि म्हणत, "चहा येईपर्यंत एक गंमत. नऊ एक लिहा."

"नऊ एके नऊ," पाहुणा सावधपणे म्हणे.

"पाढा नको हो. एक हा आकडा ओळीने नऊ वेळा लिहा. लिहिलात? आता त्या संख्येला त्याच संख्येने गुणा."

यावर पाहुण्यांचे दोन प्रकार पडत. पहिला प्रकार एकदम उठून 'आमची ५.४० ची गाडी आहे' म्हणे. दुसरा प्रकार भिडस्त. तो गुणायला बसे. चहा येई, निवे, त्यावर साय धरे, आणि शेवटी पत्रिकेच्या पाठीवर, चि. आणि चि. सौ. कां. यांच्या बरोबर मागे, उत्तर उमटे :

१२३४५६७८९८७६५४३२१

पाहुण्याच्या तोंडून 'अरेच्चा!' निघायचं. अण्णांना तेवढंच हवं असे. मग ते डोळे मिटून ती संख्या मोठ्याने वाचत. वाचत म्हणजे लीलावतीतल्या नावांनी. "एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी..." इथवर येईतो दमलेले दिसत, पण थांबत नसत. "सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार हजार तीनशे एकवीस." महिन्याच्या शेवटी घरात नेमके तीनशे एकवीस असते तरी आईने नारळ फोडला असता. पण अण्णा ज्या श्रीमंतीने खर्व-निखर्व उच्चारत, तशा श्रीमंतीने बोलणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

"आणि ही आपल्या डोंबिवलीची संख्या आहे बरं का," हे शेवटचं वाक्य. त्या काळी डोंबिवलीच्या नावावर गर्दी, डास आणि नळाला न येणारं पाणी एवढ्याच गोष्टी जमा होत्या. त्यामुळे पाहुणा पुन्हा 'अरेच्चा' म्हणे.

अण्णांचं हे म्हणणं उगीच नव्हतं. देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी पोरांना गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात स्वतः आकड्यांशी खेळले. चार आकडी कुठलीही संख्या घ्या (सगळे आकडे सारखे नकोत), तिचे आकडे उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तसंच करा. फार तर सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर जाऊन आदळता, हा त्यांचा शोध १९४९ चा. तर या कापरेकरांना १, १२१, १२३२१ या घराण्यातल्या संख्यांचा विचार सुचला तो डोंबिवली स्टेशनात. म्हणून त्यांनी या संख्यांचं नाव ठेवलं 'डेम्लो'. डोंबिवली स्टेशनात मला आजवर जे जे सुचलं, ते छापण्याजोगं नाही. तिथे उभं राहून माणसाला संख्या सुचतात याचा अर्थ त्या काळी गाडीत चढायला जागा असावी.

कापरेकरांची थोरवी आम्हांला अण्णांच्या तोंडून कळली होती, पण चाळीचा त्यावर विश्वास नव्हता. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांवर लिहिल्याचं कानावर आलं, तेव्हा चाळीचा विश्वास बसला. अमेरिकेला पटलेली गोष्ट आपल्याला न पटून कसं चालेल?

अण्णा काही गणिती नव्हते. फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबनीस होते. सकाळच्या गाडीने जायचं, दिवसभर लांबच्या लांब बेरजा करायच्या, आणि लेजर जुळलं तर संध्याकाळच्या गाडीने, न जुळलं तर रात्रीच्या गाडीने यायचं. पावकी-निमकीपासून सगळे पाढे त्यांना तोंडपाठ. माझे मात्र गणिताशी संबंध चाळीतल्या भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे होते. रोज समोरासमोर, पण बोलणं बंद. तरीही मी एकदा अण्णांना विचारलं होतं, की जगात एवढे आकडे असताना तुम्हांला हीच संख्या का आवडते?

त्यांनी मला नऊ ओळी मांडून दाखवल्या. प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीहून एक घर डावीकडे सरकलेली. तिरकस जिना दिसतो. "आता उभ्या घरांत बेरीज कर. उजवीकडच्या टोकाला किती एक आहेत?"

"एक."

"शेजारच्या घरात?"

"दोन."

"असं करत मधल्या घरात नऊ. मग पुन्हा आठ, सात, सहा, एकापर्यंत खाली. बस्स. ही संख्या म्हणजे नुसती मोजणी आहे. कुठल्या घरात किती माणसं राहतात एवढंच लिहायचं." आणि मग आवाज खाली आणून, कचेरीतलं गुपित सांगावं तसं म्हणाले, "एवढा सतरा आकडी गुणाकार, पण हातचा एकदाही धरावा लागत नाही."

मला त्या वेळी यात काय विशेष ते कळलं नाही. दिवसभर हातचे धरून धरून ज्याचं डोकं उठलंय, त्या माणसाला बिनहातच्याचा गुणाकार म्हणजे काय वाटत असेल, हे कळायला मला स्वतःची नोकरी लागावी लागली.

या संख्येचे बाकीचे गुण अण्णा गाडीत शोधून काढत. एका आठवड्यात कळलं, की तिच्या आकड्यांची बेरीज ८१ येते. येणारच, कारण आपण नऊ ओळींत नऊ-नऊ एक लिहिले आणि मध्ये कुणी काही खाल्लं नाही. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की त्या ८१ ने ती संख्या निःशेष भागते. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी नाव दिलं होतं 'हर्षद'. हर्ष देणारी. संख्या एकीकडून डेम्लो आणि दुसरीकडून हर्षद निघाल्यावर अण्णांनी पेढे आणले. आईने विचारलं, "कोण पास झालं?" तेव्हा माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे लायब्ररीतल्या एका पुस्तकाने त्यांना दोन दिवस अस्वस्थ केलं. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या मांडून ठेवलेली. एकापासून सहापर्यंत चढते आणि क्रमाने उतरते, असं तिचं वर्णन; २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून ती आणायची, आणि अशा दोन्ही बाजूंनी सारख्या संख्यांना गळ्यातल्या कंठ्याची उपमा. म्हणजे डोंबिवली स्टेशन बांधायच्या हजार वर्षं आधीच! अण्णा दोन दिवस गप्प जेवले. तिसऱ्या दिवशी आमटी वाढून घेताना म्हणाले, "पण सहापर्यंतच थांबला. नऊपर्यंत गेला नाही." आणि घर पूर्ववत सुरू झालं.

१९७१ साली ताईला दाखवण्याचा कार्यक्रम झाला. त्यापूर्वी दोन स्थळं नऊ एकांच्या गुणाकारात परत गेली होती. आईने या खेपेला अण्णांना देवापुढे शपथ घालायला लावली, की नऊ एक काढणार नाही म्हणून. अण्णांनी शपथ घातली आणि अक्षरशः पाळली. मुलाकडची मंडळी बसली, गाड्यांची चौकशी झाली, आणि अण्णा म्हणाले, "चहा येईपर्यंत एक गंमत. दहा एक लिहा."

मुलगा बँकेत होता. चष्मा, तेल लावून बसवलेले केस, हातात रुमाल. त्याने दहा एक लिहिले, मग क्षणभर थांबून आधी एक गुणिले एक, अकरा गुणिले अकरा असं कोपऱ्यात करून पाहिलं. १२१. १२३२१. त्याचा चेहरा उजळला. गुणाकाराच्या भानगडीत न पडता त्याने एका दमात उत्तर लिहून टाकलं : १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

"हं," अण्णा म्हणाले. हा 'हं' आमच्या ओळखीचा होता. लेजर न जुळल्याचा 'हं'. मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही मुलगी बघायला आलोय, परीक्षेला नव्हे." आई दाराआडून हाताने काहीतरी खुणा करीत होती, त्यांत विनवणीही होती आणि लाटणंही होतं.

तेवढ्यात ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मान खाली, पदर नीट, सगळं रीतीप्रमाणे. एकेक बशी ठेवत ती मुलापाशी आली, वाकली, आणि ओठ न हलवता म्हणाली, "हातचा."

बाकीच्यांना ती 'घ्या ना' म्हणाली असं वाटलं. मी पाटावर खाली बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. मुलगा एकदम दचकला. त्याने बशीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग रुमालाने चष्मा पुसून म्हणाला, "थांबा. मधल्या घरात दहा बसलेत. दहा एका घरात कसे राहतील?" आणि खोडरबर मागितला.

मधल्या घरात दहा. शून्य मांडलं, हातचा एक. शेजारी नऊ होते, ते झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारी आठ, त्यांचे नऊ झाले आणि हातचा तिथे मुरला. पुढे सात, सहा, पाच आपापल्या जागी सुखरूप. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. इकडून चढताना आठ नाहीत, नऊच्या जागी शिखरावर दोन शून्यं, आणि पलीकडचा उतार मात्र जसाच्या तसा. कंठ्यातले मणी निखळावे तसं ते दिसत होतं. आकड्यांची बेरीजही शंभर यायला हवी होती, ती भरली ब्याऐंशी. "प्रत्येक हातचा नऊ खातो," अण्णा मुलाला समजावून सांगत होते, "दहा देऊन एक घ्यायचा, नऊ गेले. दोन हातचे, अठरा गेले." पोहे गार झाले होते. मुलगा म्हणाला, "आणि पुढे अकरा एकांचं काय होतं?" त्या क्षणी लग्न ठरलं.

ते माझे भाऊजी. ताई त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द 'हातचा' हा आहे, ही गोष्ट आम्ही तिघांनी अण्णांपासून वीस वर्षं लपवून ठेवली. अण्णांच्या पंच्याहत्तरीला भाऊजींनी ती सांगितली, तर अण्णा म्हणाले, "मला कळलं होतं. मुलगा चुकला तर चुकला, मुलीला येत होतं ना? घरात एकाला आलं की झालं."

आता या कथेत माझं काय? माझं असं, की घरात ज्याला येत नव्हतं तो मी.

अण्णांचं सगळं घर पाकिटांवर चाले. पगार झाला, की कचेरीतली जुनी खाकी पाकिटं कपाटाच्या वरच्या खणात ओळीने बसत : भाडे, वाणी, दूध, पास, फी. आणि शेवटचं, 'हातचा'. त्याला हात लावायचा नाही, म्हणून त्याचं नाव हातचा, असा विनोद आई दर महिन्याला करी. १९७४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे माझी मॅट्रिक महिन्यावर आली असताना, मी त्या खणात हात घातला. कशासाठी ते इतक्या वर्षांनंतर सांगायला हरकत नाही; सिनेमाच्या तिकिटासाठी. 'पास'च्या मागे एक नवं पाकीट लागलं. त्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'ऑक्टोबर'.

त्या काळी मार्चच्या परीक्षेत जे गळत त्यांच्यासाठी ऑक्टोबरची परीक्षा असे. 'ऑक्टोबर' हा शब्द उच्चारला, की घरात मांजर आडवं गेल्यासारखं होई. पाकिटात परीक्षेच्या फीएवढे पैसे मोजून ठेवलेले होते. माझा मार्च अजून व्हायचा होता आणि जन्मदात्याने माझ्या ऑक्टोबरची तरतूद करून ठेवली होती!

मी सिनेमाला गेलो नाही. कुणाशी बोललोही नाही. मी अभ्यासाला बसलो, आणि तो निव्वळ सूडाने. रात्री दिवा लावून मी भूमितीची प्रमेयं अण्णांच्या नावाने पाठ केली. त्यांचं आपलं रोजचं चाललं होतं. येता-जाता माझ्या वहीत डोकावून 'हातचा विसरलास' एवढं म्हणत, आणि पुढे जात. त्या महिन्यात मी जितके हातचे विसरलो तितके आयुष्यात छत्र्या विसरलो नसेन.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात पास, सहा गुणांनी. फार नाहीत, पण सहाच्या सहा माझे. मी पेढ्याचा पुडा अण्णांपुढे ठेवला आणि चार महिने तोंडात धरून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं : "आता ते ऑक्टोबरचं पाकीट कशाला लागेल?"

अण्णा चपापले नाहीत. पेढ्याचा अर्धा तुकडा तोंडात टाकत म्हणाले, "पाहिलंस होय?"

"मी नापास होणार, असं धरूनच चालला होतात तुम्ही."

"हातचा धरतो म्हणजे बेरीज चुकणार असं धरतो काय?" ते म्हणाले. "आणि धरलेला हातचा पुढच्या घरात मिळवायचा असतो. तेवढंच विसरतोस तू दर वेळी."

कपाट उघडून त्यांनी पाकीट काढलं, 'ऑक्टोबर'वर शिसपेन्सिलीने एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'कॉलेज'. मला आणखी बरंच बोलायचं होतं, पण आई म्हणाली, पेढे आधी देवापुढे ठेवायचे असतात एवढं तरी कुणाच्या लक्षात आहे का या घरात, आणि ते राहून गेलं.

अण्णा १९९८ साली गेले. खाकी पाकिटं आता माझ्या कपाटात आहेत. 'कॉलेज'वालंही आहे. त्यात हल्ली विजेची बिलं असतात.

परवा गणपतीत सगळे जमले होते. ताई-भाऊजी आले होते. भाऊजी आता ऐंशीचे. केसांना तेल लावायची गरज उरलेली नाही. चहा येईपर्यंत मी नातवाला म्हटलं, नऊ एक लिही. पोरगा कागदावर लिहील तर शपथ. त्याने संगणकावर हिशेबाचा तक्ता उघडला, नऊ एक गुणिले नऊ एक केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. तिथे उत्तर होतं १२३४५६७८९८७६५४३००.

"शेवटचे एकवीस कुठे गेले?" मी ओरडलो.

नातू शांत. "आजोबा, याला पंधराच आकडे लक्षात राहतात. पुढे शून्य टाकतं."

"टाकतं म्हणजे? माझ्या बापाने एवढ्या संख्येतला एक इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि हे यंत्र एकवीस गिळून बसलंय!"

"एवढ्या मोठ्या संख्येत एकवीसने काय फरक पडतो?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. फोर्टातल्या कचेरीत एकवीस पैशांसाठी रात्रीच्या गाडीने येणारा माणूस त्यांना आणि मला एकदमच आठवला असावा. मी वरच्या खणातून एक जुनी पत्रिका काढली, शिसपेन्सिल काढली आणि नातवाला जमिनीवर बसवून नऊ ओळी मांडायला लावल्या. पोरगा हुशार आहे, पाच ओळींतच त्याच्या लक्षात आलं. मोजणी करून त्याने उत्तर लिहिलं, शेवटी एकवीससकट. मग आपणहून म्हणाला, "दहा एकांचं मी असंच सांगतो, मांडायची गरज नाही," आणि झरझर लिहू लागला : १२३४५६७८९१०९८...

भाऊजींनी चष्मा चढवून ताईकडे पाहिलं. ती पोह्यांच्या बशा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाकून तिने एक बशी नातवाच्या कागदाशेजारी ठेवली, कागदाकडे नीट पाहिलं, आणि या खेपेला ती खरोखरच "घे ना" म्हणाली.